दोन कोटी डॉलरचे ‘प्रबोधन’

(तेलगाव, ता. धारूर, जि. बीड येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



निवडणुकीपूर्वी एक बोलणारा नेता सत्तेवर आल्यावर दुसरेच का बोलू लागतो, हा प्रश्न गावागावांतल्या पारावर रोज विचारला जातो. त्याचे उत्तरही पारावर ठरलेले असते : पेटी पोहोचली असेल! या उत्तरात तथ्यांश मुळीच नसतो असे कोण म्हणेल? परंतु हे उत्तर आळशी आहे. पेटीने एखादी सही मिळते, एखादी फाईल चार टेबले पुढे सरकते. मत बदलण्यासाठी मात्र पेटी पुरत नाही. त्यासाठी त्या माणसाला मनापासून असे वाटावे लागते की, आपण जे करीत आहोत तेच राज्याच्या हिताचे आहे. असे वाटायला लावणे हा जगभर प्रतिष्ठा पावलेला एक व्यवसाय आहे. त्याला लॉबिंग म्हणतात.

लॉबी म्हणजे सभागृहाबाहेरचे दालन. लोकप्रतिनिधी आत जाण्यापूर्वी त्याला तेथे गाठायचे, आपली बाजू त्याच्या कानी घालायची, यावरून हे नाव रूढ झाले. मराठीत आपण ‘दबावगट’ म्हणतो. पण दबाव हा या व्यवसायाचा केवळ एक भाग आहे. कामगार संपावर जातो, शेतकरी रस्ता अडवतो, तेव्हा तो दबाव आणतो आणि उघड्यावर आणतो. लॉबीचे काम बंद खोलीत, शांतपणे, बहुधा अत्यंत सौजन्याने चालते. मंत्र्याला वेळ नसतो, विषय किचकट असतो, अधिकारी तीन वर्षांनी बदलून जातो. अशा वेळी तयार टिपण, तयार आकडेवारी, तयार मसुदा घेऊन येणारा सभ्य गृहस्थ कोणाला नको असेल?

महाराष्ट्राने याचा सर्वांत मोठा धडा एन्रॉन प्रकरणात घेतला. त्या प्रकरणाचा एक धागा थेट या बीड जिल्ह्याशी जोडलेला आहे.

१९९१ साली देशाची परकीय गंगाजळी आटली होती. वीजनिर्मिती खासगी आणि परकीय भांडवलाला खुली करण्याचे धोरण त्या वर्षी आले. १९९२ च्या जून महिन्याच्या मध्यास एन्रॉन या अमेरिकन कंपनीची मंडळी भारतात उतरली आणि २० जून रोजी, म्हणजे आठवडाही उलटला नसताना, राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार झाला. गुहागरजवळ दाभोळला सुमारे दोन हजार मेगावॅटचा प्रकल्प. इंधन परदेशातून येणारा द्रवरूप नैसर्गिक वायू. स्पर्धात्मक निविदा नाहीत. आपल्या गावात ग्रामपंचायतीच्या साध्या गटारीलाही निविदा लागते, हे येथे बसलेल्या सरपंचांना सांगायला नको. १९९३ साली जागतिक बँकेनेच या प्रकल्पाला कर्ज देण्याचे नाकारले. एवढी मोठी आणि एवढी महाग वीज सतत उचलण्याची राज्याला गरज नाही, स्वस्त कोळशाची वीज बाजूला सारून ही घ्यावी लागेल, असे तिचे म्हणणे होते. तरीही ८ डिसेंबर १९९३ रोजी वीजखरेदी करारावर सह्या झाल्या.

एवढ्या शंका असताना मते कशी वळली? त्याचा उलगडा खुद्द कंपनीनेच केला. जानेवारी १९९५ मध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या एका समितीपुढे एन्रॉनच्या एका उच्चपदस्थ अधिकारी बाईंनी साक्ष दिली. भारतीयांना शिक्षित करण्यावर आणि प्रकल्पाच्या पूर्वतयारीवर कंपनीने सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केल्याचे त्यांनी सांगितले. त्या वेळच्या दराने ही रक्कम साठ कोटी रुपयांच्या वर जाते. ती कोणाच्या शिक्षणावर, कोणत्या पाठ्यक्रमावर खर्च झाली, याचा तपशील काही मिळाला नाही. येथे बातमी पोहोचताच लाचेचा आरोप झाला आणि कंपनीने तो फेटाळला. हा वाद घटकाभर बाजूला ठेवू. कंपनीचे म्हणणे अक्षरशः खरे मानले तरी एक परकीय कंपनी आपल्या राज्यकर्त्यांना वीज म्हणजे काय, तिचा दर कसा ठरवावा, करार कसा असावा, हे स्वतःच्या खर्चाने शिकवते. आणि तो अभ्यास झाल्यावर राज्यकर्ते त्याच कंपनीशी करार करतात! शिक्षकही तोच आणि विक्रेताही तोच.

मार्च १९९५ मध्ये राज्यात सत्तांतर झाले. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू, ही त्या निवडणुकीतील गाजलेली घोषणा होती. प्रकल्पाची छाननी करण्यासाठी मंत्रिमंडळाची उपसमिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते परळी तालुक्यातील नाथ्र्याचे सुपुत्र आणि तत्कालीन उपमुख्यमंत्री गोपीनाथराव मुंडे. निविदा नाहीत, व्यवहारात गोपनीयता आहे, भांडवली खर्च आणि दर अवास्तव आहेत, असे या समितीने नोंदवले आणि पहिला टप्पा नाकारण्याची व दुसरा रद्द करण्याची शिफारस केली. ३ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी विधानसभेत तसे जाहीर केले. सप्टेंबरमध्ये करार फसवणुकीने झाला असल्याने तो रद्दबातल ठरवावा म्हणून राज्य शासन उच्च न्यायालयातही गेले.

पुढे काय झाले, हे या व्यासपीठावरून सांगायला अवघडण्याचे कारण नाही. आपल्या माणसांची हकिकत आपणच सरळ सांगितली नाही, तर ती दुसरे वाकडी करून सांगतात. कंपनीने लंडनमध्ये लवादाची कारवाई सुरू केली होती. भारतात येणारे परकीय भांडवल आता आटेल, असा इशारा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने दिला होता. कंपनीच्या प्रमुख अधिकारी रिबेका मार्क मुंबईत येऊन शिवसेनाप्रमुखांना भेटल्या. नोव्हेंबरमध्ये तज्ज्ञांचा पुनर्वाटाघाटी गट बसला आणि ८ जानेवारी १९९६ रोजी सुधारित करार शासनाने स्वीकारला. दर कमी झाल्याचे सांगितले गेले, परंतु प्रकल्पाची क्षमता २,१८४ मेगावॅट झाली. मूळ करारात दुसरा टप्पा घ्यायचा की नाही याची मोकळीक होती. नव्या करारात तो बंधनकारक झाला. मे १९९६ मध्ये दिल्लीतील तेरा दिवसांच्या सरकारने जाता जाता केंद्राच्या प्रतिहमीवरही शिक्कामोर्तब केले.

समुद्रात बुडवायला निघालेला प्रकल्प पाच महिन्यांत अधिक मोठा होऊन परत आला, हे कसे घडले? मंत्रिमंडळापुढे आलेले युक्तिवाद आठवून पाहा. परकीय गुंतवणूकदार पळून जातील. लवाद विरुद्ध गेला तर शेकडो कोटींची भरपाई द्यावी लागेल. राज्य अंधारात बुडेल. नव्या अटींत पैसे वाचतात. यातला प्रत्येक मुद्दा अर्धा खरा होता, आणि लॉबीचा युक्तिवाद नेहमी असाच असतो. तो निखळ खोटा असता तर सामान्य बुद्धीच्या माणसानेही तो फेटाळला असता. उरलेले अर्धे सत्य मांडायला त्या खोलीत कोणी नव्हते. ते होते पुण्यात. तेथील ‘प्रयास’ संस्थेच्या मोजक्या तरुण अभियंत्यांनी उपलब्ध कागदांवरून कराराचे स्वतंत्र गणित मांडले होते. रुपया घसरला, इंधन महागले, वीज उचलली गेली नाही, तर प्रत्येक वेळी तोटा मंडळाच्या माथी येणार, हे त्या गणितातून दिसत होते. पण दोन कोटी डॉलर एका बाजूला आणि चार अभियंत्यांची गणकयंत्रे दुसऱ्या बाजूला!

गणित खरे ठरायला फार वर्षे लागली नाहीत. १९९९ च्या मे महिन्यात पहिला टप्पा सुरू झाला. नंतर युनिटचा दर सात रुपयांच्या पुढे गेला. मंडळाचे कंबरडे मोडले. माधव गोडबोले यांच्या समितीने एप्रिल २००१ मध्ये या साऱ्या व्यवहारावर कठोर ताशेरे ओढले. त्याच वर्षी मे महिन्यात मंडळाने वीज घेणे थांबवले आणि डिसेंबरमध्ये स्वतः एन्रॉनच अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. ज्या काळात हा सौदा ठरत होता त्या काळातील अमेरिकेचे भारतातील राजदूत निवृत्तीनंतर, १९९७ साली, एन्रॉनच्याच एका उपकंपनीच्या संचालक मंडळावर गेले होते. त्यात बेकायदेशीर काहीही नव्हते, ही खरी बोचणारी गोष्ट आहे.

अमेरिकेचे एक मात्र मान्य करावे लागेल. तेथे १९४६ पासून लॉबिंगविषयी कायदा आहे आणि १९९५ साली तो अधिक कडक झाला. कोणी, कोणत्या विषयासाठी, किती पैसे खर्च केले, याची नोंद करावी लागते. डिसेंबर २०१२ मध्ये भारताच्या संसदेत वॉलमार्टवरून गदारोळ झाला, तो या नोंदींमुळेच. भारताची किरकोळ बाजारपेठ खुली व्हावी यासाठी कंपनी अमेरिकन लोकप्रतिनिधींकडे प्रयत्न करीत होती, हे त्यांच्या कागदांवरून आपल्याला कळले. आपण मग चौकशी नेमली. आपल्या बाजारपेठेविषयीचे लॉबिंग परक्या देशाच्या दप्तरातून कळावे, ही लाजिरवाणी गोष्ट होती. भारतात असा कायदा झालेला नाही. एका खासदाराने खासगी विधेयक तयार केले होते. ते कायद्यापर्यंत पोहोचले नाही.

नोंद असली म्हणजे सारे कळते, असेही नाही. एखादा तज्ज्ञ तटस्थपणे बोलत आहे की कोणाच्या खर्चाने, हे कित्येकदा पिढी उलटल्यावर समजते. १९६७ साली अमेरिकेतील एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात हार्वर्डच्या संशोधकांचा लेख आला. हृदयविकाराचा दोष त्यात चरबीवर गेला, साखर नामानिराळी राहिली. त्या संशोधकांना साखर उद्योगाच्या संस्थेने ६,५०० डॉलर दिले होते, ही गोष्ट २०१६ साली जुनी पत्रे उजेडात आल्यावर जगाला कळली. जवळजवळ पन्नास वर्षांनी!

साखरेचा विषय निघाला, तर तेलगावात तो अर्ध्यावर सोडता येणार नाही. येथून जवळच सुंदरनगरला उभा असलेला सहकारी कारखाना राज्याचे माजी उपमुख्यमंत्री सुंदरराव सोळंके यांच्या नावाने ओळखला जातो. महाराष्ट्रात कोठेही जा, साखर कारखाना आणि विधानसभा यांचे नाते असेच घरगुती आहे. याची सुरुवात उदात्त होती. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभा केला, तेव्हा त्यांनाही मुंबईच्या सरकारला पटवावेच लागले होते. आपली बाजू राज्यकर्त्यांना पटवणे हे पाप नव्हे. पुढे मात्र पटवणारा आणि पटणारा यांत अंतरच उरले नाही. एन्रॉनला बाहेरून येऊन दार ठोठवावे लागले. साखरेची लॉबी घरातच जेवायला बसलेली असते. कारखान्याचा अध्यक्ष आमदार, आमदारांतून मंत्री, कर्जाला हमी शासनाची, आणि कर्ज देणाऱ्या बँकेवर संचालक पुन्हा तेच. राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेने मे २०११ मध्ये बरखास्त केले, तेव्हा त्यात जवळजवळ सर्व पक्षांची मंडळी होती. पक्ष पाहून साखरेची चव बदलत नाही.

या घरगुती लॉबीचे सामर्थ्य पाहायचे असेल तर २०१२ चा रंगराजन समितीचा अहवाल पाहावा. साखर उद्योग नियंत्रणमुक्त करण्यासाठी समितीने एक अखंड योजना मांडली होती. सरकारला स्वस्तात द्यावी लागणारी लेव्ही साखर बंद करा, बाजारात साखर सोडण्यावरील नियंत्रण काढा, असे त्यात होते. त्याचबरोबर दोन कारखान्यांमधील किमान अंतराची अट आणि उसाच्या क्षेत्राचे आरक्षणही काढा, म्हणजे शेतकऱ्याला दुसरे गिऱ्हाईक मिळेल, असेही होते. एप्रिल २०१३ मध्ये केंद्राने पहिला भाग तत्काळ स्वीकारला. दुसरा राज्यांवर सोपवला. महाराष्ट्राने त्याच वर्षी उत्पन्नवाटपाचा ७०:३० चा कायदा केला, हे नमूद केले पाहिजे. अंतराची अट मात्र तशीच राहिली. केंद्राची १५ किलोमीटरची मर्यादा महाराष्ट्राने आधीच २५ वर नेऊन ठेवली होती. अहवाल एकच, कारखान्यांना हवा तो भाग लागू आणि शेतकऱ्याला हवा तो विचाराधीन! आणि गंमत अशी की, २०१३ साली बाजाराचे स्वातंत्र्य मागणाऱ्या याच उद्योगाला साखरेचे भाव कोसळताच सरकार आठवले. जून २०१८ मध्ये किलोला २९ रुपये किमान विक्री दर ठरला, पुढच्या फेब्रुवारीत ३१ झाला.

ताजे उदाहरण इथेनॉलचे. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने साखरेचे भाव आवरण्यासाठी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. १५ डिसेंबरला, अवघ्या आठ दिवसांत, १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत ती सैल झाली. कारखान्यांनी प्रकल्पांत गुंतवलेल्या पैशाचा विचार करता ही मागणी अवाजवी नव्हती. जादा ऊसदरावर लागलेला प्राप्तिकर हा तसाच जुना प्रश्न. शेतकऱ्याला जास्त दर दिला तो नफा समजून कर लावला जाई. तो अन्याय होता आणि २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने सहकारी कारखान्यांना सुमारे दहा हजार कोटींचा दिलासा दिला. न्याय्य मागणी मान्य झाली, हे चांगलेच झाले. पण मागणी न्याय्य आहे एवढ्यानेच ती मान्य होते काय? तसे असते तर मराठवाड्याच्या पाण्याचा हिशेब केव्हाच लागला असता. माधवराव चितळे यांच्या आयोगाने १९९९ मध्येच तुटीच्या खोऱ्यांत ऊस नको असे बजावले होते. त्या अहवालाला धूळ बसली, कारखाने वाढले, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. चितळे आयोगाच्या मागे अभ्यास होता, लॉबी नव्हती.

संघटित विरोध असला की चित्र पालटते. नोव्हेंबर २००९ मध्ये ऊसउत्पादक दिल्लीत उतरले आणि केंद्राला ऊसदराच्या नव्या कायद्यातील कलम बदलावे लागले. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य शासनाने एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभा कारखान्यांना दिली. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे दिले पाहिजेत. राजू शेट्टी न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द केला. तीन वर्षे लागली, पण शेतकऱ्याच्या हाती कायद्याचे कलम होते आणि वकील होता.

आता या साखळीच्या शेवटच्या कडीकडे पाहू. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर या भागांतून दिवाळीच्या सुमारास माणसे कोयता घेऊन बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. उचल आधीच घेतलेली असते, ती मुकादमामार्फत. कारखान्याच्या कागदावर हा माणूस त्याचा कामगार नसतोच. म्हणून ना भविष्यनिर्वाह निधी, ना प्रसूतीची रजा. मजुरी ठरते ती साखर संघ आणि कामगार संघटना यांच्या करारात. बरीच वर्षे शरद पवार आणि गोपीनाथराव मुंडे यांच्या लवादाने ती ठरली. गोपीनाथरावांचे मोठेपण असे की, मुंबईच्या त्या टेबलावर या माणसांच्या वतीने बोलणारा आवाज प्रथमच तेवढ्या तोलाचा झाला. पण एका नेत्याच्या आवाजावर सारी भिस्त असली की तो आवाज थांबल्यावर काय उरते, हे जून २०१४ नंतर या जिल्ह्याने अनुभवले.

२०१९ साली बीडमधील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढली जात असल्याचा विषय विधिमंडळात आला. तीन वर्षांत जिल्ह्यात ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पाहणी झाली ती ८२ हजारांवर स्त्रियांची. त्यांपैकी १३ हजारांवर स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. हे आकडे कोणी तिजोरीत दडवले नव्हते. घरोघर जाऊन विचारेपर्यंत ते कोणी मोजलेच नव्हते. मोजले गेल्यावर मात्र कोणत्याही मंत्र्याला ‘असे काही नाही’ म्हणता आले नाही. पुढे २०२१ मध्ये गोपीनाथरावांच्या नावाच्या कल्याण महामंडळासाठी टनामागे दहा रुपये कारखान्यांनी आणि तितकेच शासनाने द्यावेत, असे ठरले. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ तीन हंगामांसाठी मान्य झाली.

हंगाम सरले की तीच बैठक पुन्हा बसते. साखर कारखान्याच्या ताळेबंदात टनामागचा तोडणी-वाहतुकीचा खर्च पैशापर्यंत मांडलेला असतो. वडवणीच्या एका कोयत्याला हंगामात किती दिवस काम मिळाले, किती टन ऊस तोडला, उचलीतले किती फिटले आणि किती डोक्यावर राहिले, मुकादमाने किती कापले, औषधपाण्याला किती गेले, मुलाची शाळा किती महिने बुडाली, याची वही किती वाड्या-तांड्यांवर लिहिली जाते? आमदाराच्या हाती एका बाजूचा ताळेबंद असेल आणि दुसऱ्या बाजूचे फक्त गाऱ्हाणे, तर त्याचे मत कोणीकडे झुकेल? ही वही दहावी-बारावी शिकलेली गावातली मुले-मुली लिहू शकतात. शंभर पानांच्या वहीत एका वाडीचा हंगाम मावतो. गाड्या निघण्याआधी एकदा आणि परत आल्यावर एकदा, असे दोनदा प्रत्येक घरी जावे लागेल. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.